वाईटपणा घेणारं माणूस

मराठीत लेखकाला बायको असते, एजंट नसतो. कुणाला हे चेष्टेचं वाटेल, कुणाला बोचेल. पण आपल्या साहित्यव्यवहाराचं याहून थोडक्यात वर्णन मला सुचत नाही. प्रकाशकाला पत्र कोण लिहिणार, मुद्रितं कोण तपासणार, मार्चअखेर उलटून गेली तरी रॉयल्टीचा हिशोब आला नाही म्हणून फोन कोण करणार, न विचारता नाटक बसवणाऱ्या मंडळाला कोण खडसावणार? जगात इतरत्र ही कामं टक्केवारी घेऊन करणारी माणसं असतात. आपल्याकडे ती घरात होतात, बहुतेक वेळा मागची आवराआवर झाल्यावर. लेखिकांच्या घरी तीही सोय नाही. त्या स्वतःच करतात, किंवा सोडून देतात.

या बिनपगारी धंद्यातलं सगळ्यात ठळक नाव सुनीता देशपांडे यांचं. लेखिका म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पु. ल. देशपांडे यांची पत्नी म्हणून त्याहून जास्त. पण एका मोठ्या लेखकाचे हक्क, परवानग्या, प्रयोग, पैसे आणि वेळ हे सगळं काही दशकं नीट सांभाळणारी व्यावसायिक, या नात्याने त्यांच्याकडे आपण पाहिलेलं नाही. पाहिलं ते कुरकुरत. बाई कडक आहेत, हिशोबी आहेत, भाई, म्हणजे पु.ल., कसे मोकळे आणि या कशा! महाराष्ट्राने हे इतक्या वेळा म्हटलं आहे की त्यामागे काय चाललं होतं याचा विचार करायचं राहूनच गेलं.

पु.लंचं बालपण जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत गेलं आणि मग पार्ल्यात. अंधेरी स्टेशनच्या एका अंगाला जोगेश्वरी, दुसऱ्या अंगाला पार्लं, त्यामुळे हा सगळा आमच्या उपनगरांचाच कारभार. पार्ले टिळक विद्यालय १९२१ सालचं, लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. पार्ल्याच्या पूर्वेला या दोन संस्थांच्या आसपास जी मध्यमवर्गीय संस्कृती वाढली, तिने महाराष्ट्राला गाणारी, लिहिणारी, नाटक करणारी माणसं दिली. पु.लंचे आजोबा वामनराव दुभाषी ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहीत, तेही पार्ल्याचेच. पुढे विजय तेंडुलकरही पार्ल्यातच राहिले. पण याच संस्कृतीने एक चालही पाडली. लेखकाला बोलवायचं, त्याचं तोंडभर कौतुक करायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि निघताना आयोजकांपैकी कुणीतरी रिक्षापर्यंत सोडायला जायचं. मानधनाचा विषय निघाला तर तो निमंत्रणाच्या वेळी नव्हे, रिक्षा सुरू झाल्यावर, पाकिटाच्या रूपाने. पाकिटात किती आहे हे घरी जाऊन बघायचं. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आजही हेच चालतं, आणि ज्याने आधी आकडा विचारला त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेच्या यादीत सहसा नसतं.

अशा समाजात लेखकाचे पैसे मागायचे तर कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा. सुनीताबाईंनी तो घेतला.

त्यांच्या कामाचं मोल कळण्यासाठी थोडं लांब, स्पेनला जाऊन यावं लागेल. बार्सिलोनात कार्मेन बाल्सेल्स नावाची एक बाई होऊन गेली. १९३० साली कातालोनियातल्या एका खेड्यात जन्मली, २०१५ साली वारली. सुरुवातीला ती व्हिंटिला होरिया नावाच्या रुमानियन लेखकाच्या एजन्सीत काम करत होती. हे होरिया स्वतः कादंबरीकार आणि पोटापाण्यासाठी एजंट. १९६० साली त्यांना फ्रान्सचं गोन्कूर पारितोषिक जाहीर झालं. तरुणपणी त्यांनी लिहिलेल्या फॅसिस्ट धाटणीच्या लेखांवरून एवढा गदारोळ उठला की ते त्यांना घेता आलं नाही. त्याच सुमारास त्यांनी धंदा आवरला आणि बाल्सेल्सबाईंनी आपली एजन्सी थाटली. आधी त्या प्रकाशकाच्या वतीने परदेशी हक्कांचे व्यवहार बघत. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण टेबलाच्या चुकीच्या बाजूला बसलो आहोत. पैसे लेखकाच्या लिहिण्यातून येतात आणि टेबलावर लेखकाच्या बाजूची खुर्ची रिकामी असते.

त्या काळात स्पॅनिश प्रकाशक लेखकाकडून पुस्तकाचे हक्क कायमचे आणि सगळ्या देशांसाठी लिहून घेत. बाल्सेल्सबाईंनी ही पद्धत मोडली. हक्क द्यायचे ते ठरावीक वर्षांसाठी आणि ठरावीक प्रदेशासाठी. मुदत संपली की पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. आज हे साधं वाटतं. त्या वेळी प्रकाशकांना तो उद्दामपणा वाटला.

गॅब्रिएल गार्सिया मार्केस यांच्याशी त्यांचं नातं सुरू झालं तेही गमतीदार आहे. १९६५ साली त्या मेक्सिकोत त्यांना भेटायला गेल्या, त्या अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकाशकाबरोबरचा करार घेऊन. चार पुस्तकं, एक हजार डॉलर. मार्केस यांनी त्या कराराला जे विशेषण लावलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण ओळख वाढली, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी गमतीने एक करारनामा करून बाईंना दीडशे वर्षांसाठी आपलं प्रतिनिधित्व बहाल केलं. दोन वर्षांनी त्यांची ती जगप्रसिद्ध कादंबरी आली. मारिओ वार्गास योसा लंडनमध्ये कॉलेजात शिकवत होते. बाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या, नोकरी सोडून बार्सिलोनाला या म्हणाल्या आणि पगाराइतके पैसे दरमहा आपण देतो असं सांगितलं. ते गेले. नोबेल मिळालेले सहा लेखक या एका एजन्सीच्या खात्यावर आहेत. २०१० मध्ये स्पेनच्या संस्कृती मंत्रालयाने बाईंचं दप्तर, म्हणजे पत्रं, करार, हस्तलिखितं, तीस लाख युरो देऊन विकत घेतलं.

यातला मुद्दा नोबेलचा नाही. लेखक भला माणूस राहू शकला, कारण भांडायला दुसरं कुणी होतं. प्रकाशकाबरोबर रात्री जेवायला लेखक जाई आणि सकाळी त्याच प्रकाशकाला फोनवर रडकुंडीला आणायला बाई बसलेल्या असत. एजंट जे दहा-पंधरा टक्के घेतो ते मुख्यतः या वाईटपणाचे. लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदा रुळावर आणला तेव्हापासून त्याचं मर्म हेच आहे.

आता रत्नागिरीला येऊ. सुनीता ठाकूर यांचा जन्म ३ जुलै १९२६चा, वकिलाच्या घरातला. १९४२च्या आंदोलनात त्यांनी उडी घेतली. मुंबईत ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवत असताना तिथेच शिक्षक असलेल्या पु.लंची ओळख झाली. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीला नोंदणी पद्धतीने लग्न झालं. खर्च काय, तर फॉर्मचे आठ आणे. लग्नाचा फॉर्म स्वतः भरणारी, त्यावर सही कशाखाली करतो आहोत हे वाचणारी मुलगी १९४६ साली महाराष्ट्रात किती घरांत असेल? मला वाटतं, पुढची सगळी कारकीर्द त्या फॉर्ममध्ये होती.

पु.लंचा झपाटा आपल्याला ठाऊक आहे. सिनेमा, त्यात ‘गुळाचा गणपती’मध्ये सबकुछ पु.ल.; मग रेडिओ, मग दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात. ‘तुझे आहे तुजपाशी’ १९५७, ‘बटाट्याची चाळ’ पुस्तक १९५८, ‘अपूर्वाई’ १९६०. मग ‘चाळ’ एकपात्री होऊन रंगमंचावर आली, ‘वाऱ्यावरची वरात’ आली आणि महाराष्ट्र वेडा झाला. ‘वराती’त सुनीताबाई स्वतःही काम करत. पण त्याहून मोठं काम पडद्यामागचं. तारखा, दौरे, सामान, माणसांची जेवणखाणं, पैशांचा हिशोब, आलेल्या पत्रांची उत्तरं आणि लिहून घेण्यासाठी पु.लंना एका जागी बसवणं. या शेवटच्या कामाला जगातल्या कुठल्याही एजन्सीच्या दरपत्रकात जागा नाही. वस्तू हरवणारा, तारखा विसरणारा, कुणाला नाही न म्हणणारा कलावंत आणि त्याच्या मागे सगळं उचलत येणारी बायको, असं चित्र सुनीताबाईंनीच पुढे रंगवलं. ते वाचून काही वाचक भाईंच्या वतीने दुखावले गेले. ज्याचं सामान उचललं जात होतं तो बहुधा इतका दुखावला गेला नसावा.

नाटकाच्या बाबतीत हक्कांचा प्रश्न रोजचा असतो. पुस्तक एकदा छापलं की वर्षाने हिशोब. नाटकाचा हिशोब त्याच रात्री. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात, मुलुंडच्या कालिदासला किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर थोडं मागे रेंगाळून पाहा. प्रेक्षक पार्किंगकडे धावत असतात, सेटचे फ्लॅट टेम्पोत चढत असतात, मेकअप अर्धा पुसलेले नट बटाटावड्याचा शेवटचा घास घेत असतात. आणि एका बाजूला व्यवस्थापक बुकिंगचे आकडे मांडून पाकिटं लावत असतो. ज्याची त्याची ‘नाइट’ ज्याच्या त्याच्या हातात. पडदा ओढणाऱ्याची ठरलेली, प्रकाशयोजनेची ठरलेली, नटाची ठरलेली. लेखकाचंही प्रयोगागणिक मानधन ठरलेलं असतं; पण या सगळ्यांत तो एकटाच असा, की जो त्या रात्री तिथे असायलाच हवा असं नाही. नसला तर त्याच्या पाकिटाचं काय होतं हे निर्मात्याच्या सचोटीवर अवलंबून. नाटककार गडकरी जानेवारी १९१९ मध्ये सावनेरला वारले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला तो त्यानंतर. मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत गाजलेल्या नाटकांपैकी एकाचा लेखक पहिल्या प्रयोगालाही नव्हता, मग पाकिटाची गोष्ट कशाला!

सुनीताबाईंनी हे पाकीट चुकू दिलं नाही, एवढाच त्यांचा अपराध. पु.लंचं काही करायचं असेल तर आधी परवानगी, आणि प्रयोग केला तर ठरलेली रक्कम. ओळख, प्रेम, भाईंशी असलेली जुनी घसट यांतलं काहीही त्याबदल्यात चालणार नाही. लोकांना हे खुपलं, कारण पु.ल. हे सगळ्यांना घरचेच वाटत. घरच्या माणसाकडे कसली परवानगी मागायची?

इथे कायद्याची एक बारीक गंमत सांगतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींना एक सूट आहे. हौशी संस्थेने तिकीट न लावता, फुकट बघणाऱ्यांसमोर नाटक केलं, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलं, तर तो हक्कभंग मानला जात नाही. म्हणजे सोसायटीच्या गणपतीत वरच्या मजल्यावरच्या काकांनी पु.लंचा अंतू बर्वा केला तर कायदा डोळे वटारत नाही. देणगी प्रवेशिका छापली की मामला बदलतो. घाटकोपर-मुलुंडच्या कित्येक मंडळांनी ही रेघ न बघताच ओलांडली असेल, आणि ओलांडताना पु.लंवरच्या प्रेमाने त्यांचा ऊर भरूनही आला असेल.

आता हिशोबीपणाची दुसरी बाजू. १९८६ साली अनिल अवचट यांनी गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु.ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, पैसे देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. आज तिथून बरे होऊन गेलेल्या माणसांची गणती मोठी आहे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातली मुलांसाठीची मुक्तांगण विज्ञान शोधिका हेही पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीचं फळ. आणखी कितीतरी संस्थांना या प्रतिष्ठानने हात दिला. हा पैसा आला कुठून? प्रयोगांतून आणि पुस्तकांतून. म्हणजे ज्या हाताने पाकीट मोजून घेतलं त्याच हाताने ते देऊन टाकलं. मराठी माणसाला यातलं दुसरं आवडतं आणि पहिलं खटकतं. कंजूष म्हणावं तर देणग्या आड येतात, उदार म्हणावं तर ते परवानगीचं पत्र आड येतं. मला स्वतःला यात विरोधाभास दिसत नाही. लेखकाने रॉयल्टी सोडून दिली की ती समाजाकडे जात नाही, मधल्या कुणाच्या तरी खिशात जाते. आणि समाजाला द्यायचीच असेल तर आधी ती आपल्या हातात यावी लागते, हे बाईंना कळत होतं. तोल्स्तोयने १८८१ नंतरच्या लेखनावरचे हक्क सोडून दिले, आणि नवऱ्याच्या पुस्तकांच्या आवृत्त्या काढून घर चालवणाऱ्या सोफियाला जगाने खलनायिका ठरवलं. तिच्यापेक्षा सुनीताबाईंचं नशीब बरं, कारण त्यांच्या घरात निदान देण्याच्या बाबतीत दोघांचं एकमत होतं.

एवढ्या व्यापात लेखिका कुठे होती? ती बराच काळ पत्रांत होती. धारवाडला बसून जगाशी फटकून राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. जी.एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड म्हणजे सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं, आणि त्यांची स्वतःची पत्रं ‘प्रिय जी.ए.’ म्हणून २००३ साली आली. ती वाचताना जाणवतं की समोरच्याच्या लेखनाला नेमकं कुठे हात घालायचा हे या बाईला ठाऊक आहे. चांगल्या एजंटला लागतं ते हेच वाचन. बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कवितांचं वाचन त्यांनी पु.लंबरोबर गावोगाव केलं, पानावर एकदाही नजर न टाकता, पाठ. ज्या कवींचं पुस्तक हजारभर प्रतींपलीकडे जात नव्हतं, त्यांना या दोघांनी सभागृहं भरून श्रोते मिळवून दिले. यात कुणाकडूनही टक्केवारी नव्हती.

मग १९९० साली, चौसष्टीच्या घरात, ‘मौज’कडून ‘आहे मनोहर तरी’ आलं. पहिलंच पुस्तक, आणि त्याने महाराष्ट्र ढवळून निघाला. देवघरातल्या मूर्तीची मागची बाजू कुणीतरी दाखवावी तसा लोकांना धक्का बसला. पण आज ते पुन्हा वाचताना मला त्यातली निंदा कमी आणि लेखापरीक्षण जास्त दिसतं. जमा काय, खर्च काय, कुठली येणी बुडाली, कुठली देणी आपण दिली नाहीत. स्वतःच्या नावावरच्या खोट्या नोंदीही त्यांनी खोडून काढल्या आहेत. वर्षानुवर्षं दुसऱ्याचे कागद सांभाळताना जी नजर तयार झाली, तीच त्यांनी स्वतःच्या संसाराकडे वळवली. मराठीत लेखकांच्या बायकांनी लिहिलेल्या आत्मकथा पुष्कळ आहेत. बहुतेकींत एक तर तक्रार असते, नाहीतर आरती. इथे दोन्ही नाही. गौरी देशपांडे यांनी १९९५ साली त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यानंतर ‘सोयरे सकळ’, ‘मण्यांची माळ’, ‘मनातलं अवकाश’ अशी पुस्तकं आली. पु.ल. १२ जून २००० रोजी, लग्नाच्या चौपन्नाव्या वाढदिवशी गेले. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ला गेल्या. दुसऱ्याच दिवशी पु.लंची नव्वदावी जयंती होती.

त्यांना लिहायला एवढा उशीर झाला याची हळहळ अनेकांनी व्यक्त केली आहे. मलाही वाटते. पण पु.लंची एजंट म्हणून त्या फुकट मिळाल्या, म्हणूनच लेखिका म्हणून त्या उशिरा मिळाल्या, हे त्या हळहळीत कुणी मिसळत नाही.

बाल्सेल्सबाईंशी तुलना एका जागी मात्र तुटते. त्यांच्याकडे लेखक डझनांनी होते. एकाचं पुस्तक हवं असेल तर दुसऱ्याचंही बघा, असं त्या प्रकाशकाला सुनावू शकत. सुनीताबाईंचा लेखक एकच, आणि तो महाराष्ट्राचा सर्वांत लाडका. त्यांचं बळ त्या लाडातून आलेलं. ज्यांच्यावर असा लोभ नव्हता त्यांचं काय? बाबूराव बागूल, भाऊ पाध्ये यांच्या बाजूने टेबलावर कोण बसलं? ‘ग्रंथाली’ने सत्तरच्या दशकात वाचक चळवळ उभी केली, १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं, १९८० साली लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ काढलं, आणि जिथे पुस्तक पोचत नव्हतं तिथे पोचवलं. एजंटचं निम्मं काम त्या चळवळीने केलं. उरलेलं निम्मं, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी भांडणं, चळवळ स्वतःच प्रकाशक असल्यावर कसं करणार? ते अनुवादकांकडे गेलं. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ सालची. जेरी पिंटो यांनी ती २०१३ साली इंग्रजीत नेली, आणि २०२२ साली तिचा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. अनुवादक आवडीपोटी पुस्तक उचलतो, प्रकाशक शोधतो, लोकांशी बोलतो. त्याचा धंदा भाषांतराचा. बाकीचं सगळं पदरमोड.

मराठीत एजंट का टिकत नाही याचं उत्तर चारित्र्यात शोधायची गरज नाही, पाटीवर मांडून बघा. समजा पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये, आवृत्ती हजार प्रतींची, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाला मिळाले ३०,००० रुपये. त्यावर एजंटचे पंधरा टक्के म्हणजे ४,५००. आणि हजार प्रती खपायला दोन-तीन वर्षं लागली तर? या पैशात अंधेरीहून पुण्याला प्रकाशकाकडे चार खेपा होतील, पाचवी नाही. म्हणून हे काम तिथेच होतं जिथे ते फुकट होतं.

उलट दिशेने मात्र एजंट आपल्या ओळखीचे आहेत. इंग्रजीतली लोकप्रिय पुस्तकं मराठीत आणणाऱ्या आपल्या प्रकाशकांचे लंडन-न्यूयॉर्कच्या एजन्सींशी नित्याचे व्यवहार असतात. आगाऊ रक्कम किती, मुदत किती, किती प्रतींपर्यंत कुठला दर, हिशोब कधी, हे सगळं त्या करारांत कलमवार येतं आणि आपले प्रकाशक ते पाळतात. तोच प्रकाशक बोरिवलीच्या लेखकाशी बोलायला बसला की करार एका पानाचा होतो. दोष त्याचा एकट्याचा नाही. समोरच्या खुर्चीत कुणी नसलं की कुठलाही व्यापारी एका पानातच भागवतो.

आणि खरी चीड येते ती पुढे. बाल्सेल्सबाईंनी जे भांडून मिळवलं ते आपल्या कायद्यात आयतं लिहून ठेवलेलं आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ काढून बघा. हक्क दिल्याचा करार लेखी आणि सही केलेला नसेल तर तो करारच नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो संपला. २०१२च्या दुरुस्तीने आणखी भर घातली: करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क दिले असं धरता येत नाही. श्राव्य पुस्तकं, ओटीटी, यूट्यूबवरची अभिवाचनं या सगळ्यांचा विचार या एका वाक्याशी आणून भिडवा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हे हक्क वारसांकडे राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून सगळ्यांची झाली. पु.लंचं लेखन २०६० अखेर खुलं होईल, सुनीताबाईंचं २०६९ अखेर.

हे कलम १९ मराठीत कुणी वाचत असेल तर ते अंधेरी पश्चिमेला. तिथे पटकथालेखकांची संघटना आहे, १९५४ साली सुरू झालेली, १९६० पासून कामगार संघटना म्हणून नोंदलेली. वर्सोव्याच्या आरामनगरच्या गल्ल्यांतून, एका बंगल्यात ऑडिशन आणि शेजारच्यात तालीम चाललेली असते, तिथे पंचविशीतली मुलं कॉफीच्या कपावर ‘ऑप्शन’ची, म्हणजे हक्क राखून ठेवण्याची, मुदत, श्रेयनामावलीतलं स्थान आणि पैशांचे टप्पे यांवर घासाघीस करताना ऐकू येतात. त्यांतली बरीचशी मराठी. लेखकांच्या वतीने बोलणाऱ्या एजन्सीही त्याच भागात आल्या, कारण तिथे पंधरा टक्क्यांत भाडं निघतं. लेखकाला रॉयल्टीचा जो हक्क करारातून काढून घेता येत नाही, तो २०१२च्या दुरुस्तीत याच सिनेमावाल्यांनी, जावेद अख्तर यांच्या पुढाकाराने, मिळवला. साहित्य संमेलनांच्या इतक्या वर्षांच्या ठरावांतून असं काही निघालेलं मला आठवत नाही.

मराठी कादंबरीकार तिथे पोचतो तो त्याच्या पुस्तकावर मालिका काढायचं कुणाच्या मनात आलं तर. मग निर्मात्याचा वकील पहिला प्रश्न विचारतो: हक्क नक्की कुणाकडे आहेत? कागद दाखवा. लेखक घरी येऊन कपाट उपसतो. वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक. सापडतं ते प्रकाशकाचं शुभेच्छांचं पत्र आणि लेखकप्रतींची पोच. करार झालाच नव्हता, किंवा झाला होता तो छापील पुस्तकापुरता, मुदत कोरी. लेखक घाबरतो, प्रकाशकाला फोन करून ना हरकत पत्र मागतो; आणि ज्या पत्राची मुळात गरजच नव्हती ते देताना प्रकाशक मालिकेच्या पैशात निम्मा वाटा मागतो. कलम १९ प्रमाणे लेखी करार नसेल तर हक्क लेखकाकडून गेलेलेच नाहीत, मुदत कोरी असेल तर पाच वर्षांनी परत आलेले आहेत. प्रकाशकाला हे तोंडावर सांगणं अवघड असतं, कारण पुढचं पुस्तक त्याच्याचकडे द्यायचं असतं. ज्यांनी अंधेरीतल्या एखाद्या एजन्सीकडे काम सोपवलं आहे, त्यांच्या वतीने हा फोन एजन्सीतली कुणी मुलगी करते, दोन मिनिटांत आणि अगदी गोड आवाजात. बाकीचे निम्मा वाटा देऊन येतात.